नांगर न टाकता पाहायचा समुद्र

बीड जिल्ह्यातल्या एकाही नदीचे पाणी अरबी समुद्राला मिळत नाही. गोदावरी, सिंदफणा, बिंदुसरा, कुंडलिका, मांजरा यांचे पाणी पूर्वेकडे जाते. पश्चिमेच्या कडेने जाणारी सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि सरतेशेवटी सगळे बंगालच्या उपसागरात पोचते. मालवणच्या किनाऱ्याजवळची पोवळी जगली काय नि मेली काय, आपल्या मातीचा त्याच्याशी संबंध नाही, असे बालाघाटावर बसून म्हणणे त्यामुळे सोपे आहे. पण संबंध नदीनेच जोडला जातो असे नाही. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मराठवाड्यातून गाड्या भरून माणसे तारकर्लीला जातात, आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली डोके घालतात आणि खडकाजवळचा फोटो घेऊन परततात. त्या खडकावर काय होते याची काही जबाबदारी मग इथल्या माणसावरही येते. शिवाय सगळ्यांची म्हणून असलेली गोष्ट एकेकाच्या वाजवी वाटणाऱ्या वापराने कशी संपते, हे भूजलाच्या बाबतीत ज्यांनी सोसले आहे त्यांना या प्रश्नात बोलण्याचा अधिकार इतरांपेक्षा कमी नाही. माझे म्हणणे एवढेच आहे: महाराष्ट्राच्या प्रवाळांवर माणसाने जायचे असेल तर ते प्रवाहाच्या अटीवर जावे. नांगर टाकून, खडकावर पाय रोवून, आपल्या सोयीच्या वेळी जाणे थांबवावे. या अटीवर चालणारी पद्धत जगात आधीच आहे. तिला ड्रिफ्ट डायव्हिंग म्हणतात.

या पद्धतीत होडी एका जागी उभी राहत नाही. प्रवाळाच्या भिंतीच्या ज्या टोकाकडून पाणी येते तिथे नावाडी पाणबुड्यांना सोडतो. ते पाण्यात ना बुडतील ना तरंगतील असा शरीराचा तोल साधतात आणि प्रवाह नेईल तसे भिंतीच्या कडेने पुढे सरकतात. त्यांच्यापैकी एकाच्या हातात दोरी असते, दोरीच्या वरच्या टोकाला पाण्यावर दिसणारा रंगीत फुगा. फुगा जिकडे जाईल तिकडे होडी मागोमाग जाते आणि शेवटी माणसे जिथे वर येतील तिथून त्यांना उचलते. ताशी दीड-दोन किलोमीटर वेगाचा प्रवाह ऐकायला किरकोळ वाटतो, पण पाठीवर टाकी घेतलेला माणूस त्याच्या विरुद्ध फार वेळ पोहू शकत नाही. म्हणून मागे फिरून एखादी गोष्ट पुन्हा पाहणे नाही, आवडलेल्या जागी रेंगाळणे नाही, दहा जणांनी एकाच पोवळ्याभोवती गर्दी करणे नाही. कोणत्या वेळी उतरायचे तेही भरती-ओहोटी ठरवते. या पद्धतीत मला महत्त्वाचे वाटते ते हे, की इथला संयम कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून नाही. नांगर टाकू नका अशी पाटी लावावी लागत नाही, कारण नांगर टाकलेली होडी वाहत गेलेल्या पाणबुड्यांच्या मागे जाऊच शकत नाही.

प्रवाह ही प्रवाळाच्या दृष्टीने अडचण नसून अन्नाची वाट आहे. पोवळे हा प्राणी आहे आणि तो जागा सोडून कुठे जाऊ शकत नाही. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर साखर तयार करतात आणि पोवळ्याची बहुतेक ऊर्जेची गरज त्यातून भागते. उरलेले पोषण पाण्याबरोबर वाहत येणाऱ्या तरंगत्या जीवांतून मिळवावे लागते. वाहते पाणी हे अन्न आणते, टाकाऊ पदार्थ वाहून नेते, अंगावर बसणारा गाळ झटकते. १९९८ मध्ये जगभरातल्या प्रवाळांना उष्णतेचा पहिला मोठा तडाखा बसला. त्यानंतर ओकिनावात संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले की वेगवान पाण्यातली पोवळी त्याच तापमानाला मंद पाण्यातल्या पोवळ्यांपेक्षा अधिक तग धरतात. समुद्रतळाचा एक टक्काही भाग न व्यापणाऱ्या प्रवाळांच्या आधाराने समुद्रातल्या जवळपास एक चतुर्थांश प्रजाती जगतात, त्यातल्या कितीतरी अशाच वाहत्या कडांवर. मासे तिथे प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात, खाणे आपोआप समोर येते म्हणून. ड्रिफ्ट डायव्हिंग करणारा माणूस त्या व्यवस्थेतून तिला न अडवता पुढे जातो. मालदीवच्या कंकणद्वीपांमधल्या वाटा, मेक्सिकोतले कोझुमेल, पलाऊ ही ठिकाणे पाणबुड्यांना प्रिय झाली ती याच वाहत्या पाण्यामुळे.

आता मालवणकडे पाहू. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरहून थोडा अधिक. २००१ पासून खडक बांधणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघ आहे. कागदावर पाहिले तर मालवणच्या खडपातले, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ पट्ट्यातले, एक पोवळे मोडणे आणि ताडोबात वाघाला इजा करणे हे कायद्याच्या नजरेला एकाच वर्गातले गुन्हे. प्रत्यक्षात २०२० मध्ये ‘मरीन पोल्यूशन बुलेटिन’ या नियतकालिकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले कल्याण डे, बबन इंगोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अभयारण्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला, तो हौशी डायव्हिंगमुळे होणाऱ्या प्रवाळांच्या मोडतोडीबद्दल. कुणाचेच उत्तरदायित्व नसणे, हे त्यांनी शीर्षकातच कारण म्हणून सांगितले. पर्यटकाला पोहता येत नसते, गाइड त्याला धरून चार-पाच मीटर खाली नेतो, घाबरलेला माणूस हाताला येईल ते पकडतो, पायाखाली येईल त्यावर उभा राहतो. मासे जवळ यावेत म्हणून पाव किंवा बिस्किटाचा चुरा सोडला जातो. वर होडी थांबलेली असते, तिचा नांगर खडकात कुठेतरी अडकलेला असतो, आणि लाटेबरोबर होडी हलली की दोर खालच्या पोवळ्यांवरून घासत राहतो. यात कुणाचा दुष्ट हेतू नाही. सगळी पद्धतच अशी आहे की चांगल्या माणसाच्या हातूनही नुकसान व्हावे.

कायदा कडक केला की हे थांबेल, असे मानणाऱ्यांनी एकदा बीडच्या भूजलाकडे पाहावे. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा. खोल विहिरींवर बंधने घालण्याचे अधिकार त्यात आहेत. तरीही उन्हाळा आला की आपल्या शिवारात बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरतात आणि पाणी लागेना म्हणून शेकडो फूट खाली जातात. शेजाऱ्याने खोल घेतली म्हणून मी घेतो, मी घेतली म्हणून तो आणखी खोल जातो. एकाही शेतकऱ्याला वेडा म्हणता येणार नाही, पण सगळ्यांचे मिळून जे होते ते वेडेपणाचेच असते. प्रवाळावर नेमके हेच चालले आहे. एका गटाने कोपरा खराब केला तर दुसरा थोडा पुढे नांगर टाकतो. उलट ज्या ठिकाणी पाणी टिकले तिथे वापराची पद्धतच बदलली होती. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणे आणि ऊस लावणे गावाच्या निर्णयाने बंद केले. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पुरंदर तालुक्यात पाण्याचा वाटा जमिनीवर न देता माणशी दिला आणि उसाला पाणी नाकारले. दोन्ही ठिकाणी रोज प्रत्येकाच्या मागे पोलीस ठेवायची गरज पडली नाही, कारण चोरून लावलेला ऊस लपत नाही. ज्या नियमाचे पालन उघड्या डोळ्यांना दिसते तोच टिकतो. पाण्याखाली कुणाचा पाय कशावर पडला हे किनाऱ्यावरून दिसत नाही. होडी नांगरलेली आहे की चालती आहे, हे मात्र किनाऱ्यावर जाळे विणत बसलेल्या माणसालाही दिसते.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो खरा आहे. प्रवाहात वाहत जाणे हे नवख्याचे काम नाही. तोल न साधलेला माणूस प्रवाहाने भिंतीवर आपटेल, स्वतः जखमी होईल आणि पोवळेही मोडेल; गटापासून तुटला तर मोकळ्या समुद्रात वर येईल आणि होडीला दिसणार नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. तेव्हा पाणी प्रवाळाचे नव्हते, किनाऱ्याजवळचे होते. जिथे होडीत माणसे किती बसवायची एवढ्या साध्या गोष्टींचीही चिंता करावी लागते तिथे प्रवाहात माणसे सोडायची, हे ऐकूनच कुणाच्याही पोटात गोळा येईल. म्हणून मालवणच्या सर्वसामान्य पर्यटकाला ड्रिफ्ट डायव्हिंगला नेऊ नये, हे मी स्पष्टच म्हणतो. त्याला ड्रिफ्ट डायव्हिंगचे तत्त्व द्यावे. ओहोटी-भरतीच्या मधल्या शांत वेळात, लाइफ जॅकेट घालून, तोंडाला मास्क लावून, तरंगत्या रिंगणाला धरून माणसे पाण्याच्या पृष्ठभागावरून संथ ओढीबरोबर खडपावरून पुढे जातील आणि होडी शेजारून चालेल. जॅकेट घातलेला माणूस खाली जाऊ शकत नाही, म्हणून उभा राहू शकत नाही. ज्याला पोहता येत नाही अशा ऊसतोड कामगाराच्या मुलालाही अशा रीतीने पोवळे पाहता येईल, आणि खाली नेऊन चार मिनिटे धरून ठेवण्यापेक्षा जास्त वेळ पाहता येईल. खोल पाण्यातले वाहणे प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी राहावे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, तेव्हा प्रशिक्षकांसाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही.

पाणबुड्यांच्या अनुभवाने आणखी एक शंका उभी केली आहे. प्रवाहात थांबता येत नाही म्हणून पलाऊच्या प्रसिद्ध ठिकाणी माणसे दोरीला लोखंडी आकडा बांधून तो खडकात अडकवतात आणि पतंगासारखी एका जागी तरंगत राहतात. म्हणजे माणूस कुठल्याही पद्धतीतून पळवाट काढतो. हे मान्य. पण यावरून पद्धत निरुपयोगी ठरत नाही. पद्धतीसोबत शिकवणही लागते एवढेच ठरते. आणि शिकवणीचा परिणाम होतो याला पुरावा आहे. लाल समुद्रातल्या रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानात १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात, पाण्यात उतरण्यापूर्वी पोवळे म्हणजे काय आणि कशाला हात लावायचा नाही हे थोडक्यात समजावून सांगितल्यावर पाणबुड्यांचे प्रवाळाला लागणे ठळकपणे घटले. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटाने १९७९ मध्ये सागरी उद्यान केले, प्रवाळावर नांगर टाकायला बंदी घातली, होड्या बांधण्यासाठी साखळीने धरलेले कायमचे तरंगते फुगे, म्हणजे बॉय, बसवले, पाणबुड्यांकडून शुल्क घेतले आणि पहिली डुबकी तोल तपासण्यासाठीच राखून ठेवली. बोनेर श्रीमंत बेट नाही. नांगर न टाकण्याला श्रीमंती लागतही नाही, बॉय आणि साखळी लागते.

मालवणच्या मच्छीमारांचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे आणि त्याला अधिक आदराने उत्तर दिले पाहिजे. १९८७ मध्ये अभयारण्याची घोषणा झाली तेव्हापासून तिथल्या कोळी आणि गाबीत वस्त्यांत तिच्याबद्दल रोष आहे, आणि त्याला कारण आहे: ज्यांचे पोट त्या पाण्यावर होते त्यांना विश्वासात न घेता रेघ ओढली गेली. पुढे पर्ससीन जाळ्यांनी आणि ट्रॉलरांनी पारंपरिक रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, घास हिरावला, तेव्हा अनेक तरुणांनी होडीला पर्यटकांच्या कामाला लावले. आता त्यालाही नियम लावायचे, संख्या मर्यादित करायची, म्हणजे त्याने जगायचे कसे? या प्रश्नाला ‘निसर्ग वाचवा’ हे उत्तर अपुरे आहे. पण खडकावर आज ज्या होड्या जातात त्या एकमेकांचे दर पाडत जातात. पर्यटक जितका स्वस्तात येईल तितक्या घाईत त्याला पाण्यात घालून बाहेर काढावे लागते, आणि त्या घाईतच पोवळे मोडते. परवाने मोजके, आणि ते बाहेरच्या भांडवलदाराला न देता मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना दिले, प्रत्येक फेरीचा दर ठरवला, बॉयची देखभाल त्यांच्याकडेच ठेवली, तर कमी फेऱ्यांत जास्त मिळेल. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक गोष्टींचा नाश अटळ असल्यासारखे मांडले होते. एलिनॉर ऑस्ट्रोम यांनी जगभरातली कुरणे, कालवे आणि मासेमारीची क्षेत्रे अभ्यासून दाखवले की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, पाळले आणि मोडणाऱ्याला स्वतःच जाब विचारला तर नाश टळतो. त्यासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हिवरे बाजारच्या लोकांना ही गोष्ट त्याआधीच ठाऊक होती.

मालवणचे खडप किनाऱ्याजवळचे. ड्रिफ्ट डायव्हिंगची खरी जागा महाराष्ट्राला आहे ती दूर समुद्रात. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर अंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे पठार जवळपास ४० किलोमीटर लांब आहे आणि त्याचा माथा पाण्याखाली वीस मीटरच्या आसपास येतो. जमिनीपासून इतके दूर असल्यामुळे नद्यांचा गाळ तिथे पोचत नाही, पाणी नितळ असते, आणि पठारावरून समुद्राचे प्रवाह जोराने जातात. २०१९ च्या अखेरीस वेगवेगळ्या संस्थांच्या संशोधकांनी तिथे मोहीम काढली. पण अंग्रियाला मालवणइतकेही कायद्याचे कवच नाही. वन्यजीव कायद्याखालचे अभयारण्य किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या, आतच होऊ शकते. अंग्रिया त्याच्या कितीतरी पुढे, देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात आहे. तिथे संरक्षण द्यायचे तर केंद्राने १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली अधिसूचना काढली पाहिजे. त्याशिवाय महाराष्ट्राच्या वनखात्याला तिथे काहीही अधिकार नाही.

इथे कुणी म्हणेल, आणि ते म्हणणे उदात्त आहे, की मग माणसाने अंग्रियावर जाऊच नये. अस्पर्श आहे ते अस्पर्श राहू द्या. पण अंग्रिया अस्पर्श नाही. मासेमारीच्या मोठ्या बोटी तिथे जातात, जहाजे त्यावरून जातात. जे होते ते कुणाला दिसत नाही एवढाच फरक. ज्या ठिकाणी कुणी पाहायला जात नाही त्या ठिकाणाच्या बाजूने कुणी बोलतही नाही. वर्षातून ठरावीक आठवडे, ठरावीक बोटी, प्रशिक्षित पाणबुडे, चालती होडी, नांगर कदापि नाही, आणि प्रत्येक फेरीसोबत प्रवाळाची नोंद ठेवणारा एक संशोधक, अशा अटींवर अंग्रिया थोड्यांसाठी उघडावे असे माझे मत आहे. तिथे जाणारे थोडे आणि पैसेवाले असतील हा आक्षेप मला टोचतो, पण त्यांनी भरलेले शुल्क मालवणच्या बॉयसाठी आणि मच्छीमारांच्या मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरायचे असे अधिसूचनेतच लिहिले तर तो बराचसा सौम्य होतो.

शेवटचा आक्षेप निराशेचा आहे: समुद्रच तापत असताना नांगर टाकला काय नि न टाकला काय? पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालपातळीपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने काही आठवडे वर राहिले की पोवळे आतली शैवाले बाहेर टाकते आणि पांढरे पडते. जगभरातल्या प्रवाळांवरचे असे चौथे मोठे संकट चालू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी लक्षद्वीपमध्ये पोवळी मोठ्या प्रमाणात पांढरी पडली. मालवणमधली पोवळी पांढरी पडल्याची नोंद २०१५ सालीच शास्त्रीय नियतकालिकात आली आहे. ही उष्णता मालवणचा नावाडी थांबवू शकत नाही. पण पांढरे पडलेले पोवळे लगेच मरत नाही. पाणी वेळेत थंड झाले आणि ते मोडलेले, गाळाने दबलेले नसेल तर पुन्हा सावरते. आजारी माणसाला मारहाण करू नये हे सांगण्यासाठी आजारावरचे औषध सापडण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि या उष्णतेशी बीडचा संबंध नाही असे म्हणण्याची सोय तर अजिबात उरलेली नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवले की पश्चिम हिंदी महासागरात सागरी उष्णतेच्या लाटा येतात तेव्हा मध्य भारतातला मोसमी पाऊस घटतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत बसलेल्या जिल्ह्याला, जिथे पावसाचा एक खंड पडला की सोयाबीन आणि कापूस दोन्ही हातचे जातात, समुद्राच्या तापमानाची बातमी ही परक्याची बातमी वाटू नये.

राज्य शासनाने नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून तिच्याभोवती पाण्याखालचे पर्यटन उभे करण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. बुडालेल्या जहाजावर कालांतराने समुद्री जीव वस्ती करतात, आणि गर्दी तिकडे वळली तर मालवणच्या खडपाला उसंत मिळेल, म्हणून त्याला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र कोट्यवधी रुपये खर्चून कृत्रिम प्रवाळ उभारायचे आणि हजारो वर्षांत आपोआप उभ्या राहिलेल्या प्रवाळावर नांगर टाकू द्यायचा, हे एकाच सरकारला शोभत नाही. अंग्रियाची अधिसूचना केंद्राने काढावी, मालवणच्या प्रत्येक डायव्हिंग-स्थळावर पुढच्या हंगामाआधी कायमचे बॉय बसवावेत, आणि परवाना फक्त नांगर न टाकणाऱ्या होडीला द्यावा. आणि या दिवाळीत बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाईहून जे तारकर्लीला निघतील त्यांना एवढीच विनंती, की पैसे देण्याआधी नावाड्याला विचारा: होडी कुठे बांधणार? तो ‘खडकावर’ म्हणाला तर दुसऱ्या होडीत बसा.